तेलकट केसांची निगा (ग्रामीण विदर्भ)

डोक्याच्या त्वचेतील तैलग्रंथी जास्त पाझरू लागल्या की केस मुळाशी चिकट होतात आणि धुतल्यावर दुसऱ्याच दिवशी चप्प बसतात. वयात येताना संप्रेरकांमुळे हा पाझर वाढतो. 'पोरगी डोस्कं धूत नाही' असे तिला बोलणे म्हणूनच अन्यायाचे आहे. वारंवार धुतल्याने तेल वाढते, हा समजही खरा नाही.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि घामाने टाळू ओलीच राहते. कापूस वेचताना तर डोक्याला दिवसभर दुपट्टा बांधलेला असतो. पण खरी अडचण पाण्याची. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे आणि जड आहे, म्हणजे त्यात क्षार जास्त आहेत. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग झाला की फेस न येता पांढरट साका धरतो. तोच कंगव्याच्या दातांत करड्या मेणासारखा अडकलेला दिसतो. बाई त्याला तेल समजते, पुन्हा साबण लावते आणि थर आणखी वाढतो.

शिकेकाई आणि रिठ्यातील सॅपोनिन या फेस आणणाऱ्या घटकाचा असा साका होत नाही, त्यामुळे अशा पाण्यात जुनी रीतच साबणापेक्षा सरस ठरते. शिकेकाईच्या शेंगा आणि काळी बी काढलेले रिठे रात्री भिजत घालतात, सकाळी चुलीवर उकळी आणतात, कोमट झाल्यावर हाताने कुस्करून जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळतात. गाळणे चुकवू नये, चोथा टाळूवर बसतो. डोळे मिटूनच न्हावे, रिठा फार झोंबतो. बोटांच्या पेरांनी मुळे चोळावीत, नखे लावू नयेत. शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे मिळाले तर उत्तम; पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी धरून ठेवता येते. खायचा सोडा मात्र टाळूची आग करतो.

शाळेत जाणाऱ्या मुलीच्या डोक्यावर रोज तेल थापून दोन वेण्या घालण्यात आईची माया असते, पण टाळू आधीच तेलकट असेल तर तेल कानाखालच्या केसांनाच लावावे. कोंडा वाढवणारी मॅलेसेझिया ही बुरशी स्निग्ध पदार्थांवरच पोसते. पिवळसर चिकट पापुद्रे आणि खाज असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. डॉक्टर बहुधा २ टक्के कीटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू देतात. तो आठवड्यातून दोनदा लावून ३ ते ५ मिनिटे ठेवायचा आणि मगच धुवायचा असतो.