चंद्रप्रेरित सहभागी मांडणशिल्प

चंद्राचे रूप, कला वा गती यांच्या आधारे सार्वजनिक जागेत उभारलेली आणि प्रेक्षकाच्या कृतीने, निदान त्याच्या वावराने, पुरी होणारी कलाकृती. ‘मांडणशिल्प’ (इन्स्टॉलेशन) ही संज्ञा मराठी कलासमीक्षेत रुळली आहे. ‘सहभागी’ या विशेषणाच्या व्याप्तीविषयी मात्र मतभेद आहेत. प्रेक्षकाने काही फिरवले, ओढले की कृती बदललीच पाहिजे, असा एक काटेकोर पक्ष. त्याच्या हिंडण्याने दृश्य बदलले तरी पुरे, असा दुसरा. येथे दुसरा अर्थ स्वीकारला आहे. पहिला घेतल्यास या प्रकारातील सर्वांत महत्त्वाची कृतीच, म्हणजे पुढे येणारे ‘म्यूझियम ऑफ द मून’, बाहेर राहते.

पूर्वसूरी म्हणून बहुधा कोरियन-अमेरिकी व्हिडिओ-कलावंत नाम जून पैक (१९३२–२००६) यांच्या ‘मून इज द ओल्डेस्ट टीव्ही’कडे बोट दाखवले जाते. दूरचित्रवाणी संचांच्या नलिकांवर चुंबकांचा प्रभाव टाकून पडद्यांवर चंद्राच्या कला उमटवण्याची ही कल्पना. तिचा काळ सामान्यतः १९६५ असा देतात; पण पैक यांनी ती पुढे अनेकदा नव्याने मांडली, त्यामुळे १९६५–९२ यासारख्या जोडतारखाही आढळतात. शिवाय तीत प्रेक्षकाला करण्याजोगे काही नाही. हाताने चुंबक हलवून चित्र वाकवण्याची सोय त्यांच्या ‘मॅग्नेट टीव्ही’त (१९६५) होती, पण तिथे चंद्र नव्हता. तेव्हा उगम एका कृतीत शोधण्यापेक्षा या दोन्हींच्या मिलाफात मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

आकार व प्रकाश : कलांच्या रेखाटनात एक चूक वारंवार होते. वर्तुळातून दुसरे वर्तुळ कापून काढलेली कोर ग्रहणातली होते, कलेतली नव्हे. खऱ्या कलेत प्रकाश आणि छाया यांची सीमा अर्ध्या लंबवर्तुळासारखी दिसते आणि तिची टोके बिंबाच्या एकाच व्यासाच्या दोन टोकांवर असतात. (कपाळावरची चंद्रकोर हा अलंकार आहे, तिला हा नियम लावू नये.) गोलाचा अर्धा भाग झाकणारी छाया प्रत्यक्ष फिरवली, तर कोर आपोआप बिनचूक येते. कॅनडाचे कलावंत केटलिंड ब्राउन व वेन गॅरेट यांच्या ‘न्यू मून’मध्ये जळून गेलेल्या सुमारे ५,५०० दिव्यांचा गोल आहे, तळाशी असलेली चक्राकार दांडी लोक ढकलत चालले की कला बदलते.

पौर्णिमेचे बिंब कडेपर्यंत जवळजवळ सारखेच उजळ दिसते, कारण चंद्रावरील खडबडीत धूळ प्रकाश आला त्याच दिशेने अधिक परतवते. साधा पांढरा गोल समोरून उजळला, तर कडा काळवंडतात व तो चेंडूसारखा दिसतो. म्हणून आतून प्रकाशणारा कापडी गोल अधिक खरा वाटतो.

ब्रिस्टलचे कलावंत ल्यूक जेरम यांचे ‘म्यूझियम ऑफ द मून’ (२०१६) हे अशा गोलाचे सर्वपरिचित उदाहरण. मूळ गोलाचा व्यास ७ मी.; प्रमाण सुमारे १ : ५,००,०००, म्हणजे १ सेंमी.मध्ये ५ किमी. पृष्ठभागाची चित्रे नासाने २००९ मध्ये सोडलेल्या, चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या कॅमेऱ्याची आहेत, ध्वनिरचना डॅन जोन्स यांची. ब्रिस्टलमध्ये भरती-ओहोटीतील फरक जवळजवळ १३ मी.पर्यंत जातो, रोजच्या वाटेवर तो पाहताना कल्पना सुचल्याचे जेरम सांगतात. हा गोल आकाशातल्या चंद्राएवढा दिसण्यासाठी सुमारे ७७० मी. दूर उभे राहावे लागेल. पण लोक त्याच्याखाली आडवे होतात, आणि तेच योग्य आहे. पृथ्वीवरून चंद्राचा फार तर ५९ टक्के पृष्ठभाग दिसू शकतो; उरलेल्या भागाचे पहिले दर्शन १९५९ मध्ये ‘लूना ३’ या सोव्हिएत यानाच्या छायाचित्रांतून झाले. इथे तो भाग पाहायला गोलाला वळसा घालणे पुरते. इतका साधा आणि इतका मोठा सहभाग दुसऱ्या कुठल्या कृतीने दिलेला नाही.

महाजालावरील प्रयोगांत डॅनिश-आइसलँडिक कलावंत ओलाफुर एलियासन व चिनी कलावंत आय वेइवेइ यांचे ‘मून’ (२०१३) उल्लेखनीय. आभासी चंद्राच्या पृष्ठावर कोणीही चित्र काढावे, लिहावे, अशी ही योजना होती. आय यांना त्या काळात चीनबाहेर जाण्यास मनाई होती. सीमा न मानणारी जागा म्हणून चंद्राची निवड त्यामुळे अर्थपूर्ण ठरते.

भारतातही जेरम यांचा चंद्र दाखवला गेला आहे.