सोऱ्यावर अडलेलं महायुद्ध

१ नोव्हेंबर १९१४ची संध्याकाळ. चिलीतल्या कोरोनेल गावासमोरच्या समुद्रात जर्मन आरमाराने 'गुड होप' आणि 'मॉनमथ' या दोन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. दोन्ही जहाजांवरचे मिळून सोळाशेच्या आसपास लोक होते, त्यातला एकही वाचला नाही. पहिलं महायुद्ध म्हटलं की बेल्जियम आणि फ्रान्समधले चिखलाचे खंदक डोळ्यांसमोर येतात. मग ही लढाई पार दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी कशी? जर्मन अ‍ॅडमिरल श्पे आपला ताफा घेऊन चीनकडून घरी परतत होता, हे एक. पण तो ज्या किनाऱ्यावर येऊन ठेपला होता, त्याच किनाऱ्यावरून सगळ्या युरोपचा सोरा निघायचा. तो अडला असता तर ब्रिटनच्याही तोफा अडल्या असत्या. म्हणून ब्रिटनने घाईघाईने दोन मोठ्या युद्धनौका धाडल्या आणि पाच आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, फॉकलंड बेटांपाशी श्पेचा ताफा, खुद्द श्पे आणि त्याचे दोन मुलगे तळाशी गेले.

सोरा आपल्याला नवा नाही. बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. एकेकाळी बिहारच्या मातीतून खरवडलेला सोरा ईस्ट इंडिया कंपनी जहाजं भरभरून नेत असे. एकोणिसाव्या शतकात त्याची जागा चिलीच्या सोऱ्याने घेतली. अटाकामा वाळवंटात पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून पाण्यात सहज विरघळणारा हा क्षार तिथे थरच्या थर टिकून राहिला. या थरांपायी चिलीने १८७९ ते १८८३ अशी चार वर्षं पेरू आणि बोलिव्हियाशी लढाई केली आणि तो मुलूख जिंकला. मग केप हॉर्नला वळसा घालून शिडाची जहाजं तो माल हॅम्बर्गला आणू लागली. त्यातला बराचसा शेतात जाई, थोडा तोफेत.

शेत आणि तोफ एकाच पोत्यावर का अवलंबून? दोघांनाही हवा असतो सोऱ्यातला नत्र. हवेचा ७८ टक्के भाग नत्राचा आहे, पण त्यातले अणू जोडीजोडीने राहतात आणि जोडीतली गाठ तिहेरी असते. ती सोडवणं पिकाला जमत नाही. आभाळातली वीज ते करते, आणि तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींमधले जीवाणू करतात. ती एकदा सुटली की नत्र ऑक्सिजनशी किंवा हायड्रोजनशी बांधता येतो आणि तेच झाडाचं अन्न. पण या बांधलेल्या नत्राचा ओढा सतत मूळच्या जोडीकडे असतो. टीएनटीसारख्या स्फोटक पदार्थात तो कसाबसा धरून ठेवलेला असतो. हादरा बसला की अणू क्षणात पुन्हा जोडी जमवतात, प्रचंड ऊर्जा सुटते, तापलेले वायू फुगतात. स्फोट म्हणतात तो हाच.

आता युद्धाकडे. सारायेव्होत २८ जून १९१४ला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, ही ठिणगी सगळ्यांना ठाऊक आहे. मला जास्त बोलकं वाटतं ते रेल्वेचं वेळापत्रक. जर्मन योजना अशी होती की रशियाची अवजड फौज जमेपर्यंत साधारण सहा आठवड्यांत फ्रान्सचा निकाल लावायचा. त्यामुळे ३० जुलैला रशियाने जमवाजमवीचा हुकूम काढला तेव्हा बर्लिनमधलं घड्याळ सुरू झालं. १ ऑगस्टला कैसरच्या मनात आलं की फ्रान्स बाजूला राहत असेल तर सगळी फौज पूर्वेला वळवावी. सेनाप्रमुख मोल्टके म्हणाला, जमणार नाही, गाड्या ठरल्यात. कोलोनच्या पुलावरून दर दहा मिनिटांना एक सैनिकी गाडी ऱ्हाइन ओलांडत होती. मिनिटामिनिटाचा हिशेब मांडणाऱ्या या सेनापतींनी सोऱ्याचा हिशेब मात्र केलेला नव्हता. सहा आठवड्यांच्या लढाईला तो हवा कशाला?

सप्टेंबरात मार्न नदीवर ती योजना मोडली. दोन्ही फौजा जमिनीत शिरल्या, आणि खंदकातल्या माणसाला हलवायला तोफेवाचून दुसरं काही नव्हतं. गोळे किती लागतील याचे सगळे अंदाज कोलमडले. (दोन वर्षांनी सोमच्या लढाईआधी ब्रिटिशांनी एका आठवड्यात पंधरा लाखांवर गोळे डागले.) ब्रिटिश नाकेबंदीने जर्मनीला चिलीचा रस्ता बंद झाला होता. हातातला साठा काही महिन्यांचा. बेल्जियमचं अँटवर्प बंदर पडलं तेव्हा तिथल्या गोदामांत सोऱ्याचा मोठा साठा सापडला, तेवढाच दिलासा.

हे युद्ध १९१५मध्येच थांबलं असतं का? कदाचित. थांबलं नाही, याचं एक मोठं कारण लोखंडाची एक नळी आहे.

फ्रित्स हाबर या रसायनशास्त्रज्ञाने जुलै १९०९मध्ये कार्ल्सरूऽच्या प्रयोगशाळेत हवेतला नत्र आणि हायड्रोजन एकत्र आणून थेंब थेंब अमोनिया काढून दाखवला होता. दाब वातावरणाच्या दोनशेपट, तापमान पाचशे अंशांपुढे. त्याचं उपकरण घडवणारा सहकारी ल रोसिन्योल हा ब्रिटिश नागरिक. युद्ध लागताच जर्मनीने त्याला शत्रूचा माणूस म्हणून छावणीत डांबलं! हाबरचं तंत्र घेतलं बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने. हिच्याच कृत्रिम निळीने बिहारच्या निळीचा बाजार बसवला होता. टेबलावरच्या उपकरणाचा कारखाना करायचं काम कार्ल बॉशकडे आलं.

बॉशच्या नळ्या फुटू लागल्या. जाड पोलादाची नळी, ऐंशी तास चालली आणि फुटली. त्याने पोलादाचा तुकडा कापून तपासला तेव्हा कळलं की एवढ्या दाबाखाली हायड्रोजन पोलादात झिरपतो आणि त्यातला कार्बन पळवतो. कार्बन गेला की पोलाद ठिसूळ. उपाय निघाला तो खास मिस्त्रीच्या डोक्यातला. आतून मऊ लोखंडाचं अस्तर द्यायचं, त्यात पळवण्याजोगा कार्बनच नाही. आणि बाहेरच्या पोलादी नळीला बारीक भोकं पाडायची, म्हणजे झिरपलेला हायड्रोजन निमूट बाहेर पडेल. दाब अस्तरापलीकडचं पोलाद सोसतं, पण हायड्रोजन त्यात अडकून राहत नाही. १९१३मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला, खतासाठी.

अमोनियापासून थेट दारू होत नाही, आधी नायट्रिक आम्ल करावं लागतं. १९१४च्या शरद ऋतूत बॉशने सरकारला तसा शब्द दिला, आणि मे १९१५पासून ओपाऊतून माल निघू लागला. सगळं श्रेय एकट्या हाबर-बॉशला देऊ नये. वीज पिणाऱ्या सायनामाइड पद्धतीनेही जर्मनीला बराच नत्र पुरवला. पण फ्रेंच विमानं ओपाऊपर्यंत पोचू लागली तेव्हा सरकारने देशाच्या आतल्या भागात, लॉयनाला, हाबर-बॉश पद्धतीचाच दुसरा प्रचंड कारखाना बांधला. एप्रिल १९१७मध्ये तो सुरू झाला.

हाबर तोवर दुसऱ्याच कामाला लागला होता. २२ एप्रिल १९१५ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ क्लोरीन या विषारी वायूची सुमारे दीडशे टनांची पिवळट-हिरवी लाट सोडली गेली, ती त्याच्या देखरेखीखाली. तिथे वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे जर्मनांच्याच तोंडावर येणारा. योग्य वाऱ्यासाठी त्यांना दिवसेंदिवस ताटकळावं लागलं होतं. चार दिवसांनी त्याच आघाडीवर हिंदुस्थानी फौजेची लाहोर डिव्हिजन उतरली आणि तिच्याही वाट्याला हा वायू आला.

ब्रिटनची अडचण वेगळी. त्यांच्या कॉर्डाइट या तोफेच्या दारूला ॲसिटोन लागे आणि तो पुरेसा नव्हता. हाइम वाइझमन या रसायनशास्त्रज्ञाने मक्याचा स्टार्च आंबवून ॲसिटोन देणारा जीवाणू शोधला. मका कमी पडला तेव्हा शाळकरी पोरांना रानातल्या चेस्टनटच्या बिया गोळा करायला लावलं. ही पद्धत टोरोंटोला गेली, आणि आपल्या नाशिकलाही ॲसिटोनचा कारखाना उभा राहिला.

जर्मनीत नत्र आता तयार होत होता, पण त्यावर पहिला हक्क तोफेचा. शेतांना खत मिळेना, उत्पन्न घसरलं, १९१६मध्ये बटाट्याचं पीकही हातचं गेलं. त्या हिवाळ्यात लोकांनी एरवी गुरांना घालायचे सलगम खाऊन दिवस काढले. 'सलगमांचा हिवाळा' हे नाव जर्मन भाषेत आजही आहे.

युद्ध संपलं आणि ओपाऊ पुन्हा खताकडे वळलं. कारखान्यात अमोनियम सल्फेट-नायट्रेटचा साडेचार हजार टनांचा ढीग होता. तो दगडासारखा घट्ट बसे, म्हणून कामगार सुरुंगाचे छोटे बार लावून तो मोकळा करत. हे त्यांनी हजारो वेळा केलं होतं. २१ सप्टेंबर १९२१च्या सकाळी असाच बार लावला आणि ढीगच उडाला. पाचशेहून जास्त माणसं मेली, जागेवर शंभरेक मीटर रुंदीचा खड्डा पडला.