सेकंदाचा शंभरावा भाग

ऑगस्ट 2018, जकार्ता. आशियाई स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत आपला वीरधवल खाडे 22.47 सेकंदांत पोहोचला. जपानच्या शुनिची नाकाओची वेळ होती 22.46. ब्राँझ नाकाओला, वीरधवल चौथा. जिव्हारी लागावी अशी गोष्ट पुढे आहे. प्राथमिक फेरीत याच वीरधवलने 22.43 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. तेवढीच वेळ पुन्हा दिली असती, तर पदक गळ्यात होतं.

हा शंभरावा भाग अंतरात मोजला तर किती? पोहण्याचा वेग सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे फरक दोन सेंटिमीटरचा. बोटाचं एक पेर.

दादरला शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावावर मुलांची बॅच सुरू असताना कठड्याशी उभं राहिलं, की पालकांचा एकच घोष ऐकू येतो: “अरे, पाय मार ना जोरात!” सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. त्यात वेग वाढवला की पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या पटीत. वेग दहा टक्के वाढवायचा, तर शक्ती जवळपास एक तृतीयांश जास्त हवी. एवढी शक्ती कुणाच्या दंडात शिल्लक असते? म्हणून वरच्या पातळीवरची लढाई जोर वाढवण्याइतकीच विरोध कमी करण्याची असते.

हे कोणालाही करून बघता येतं. तलावाच्या भिंतीला पाय लावून स्वतःला ढकला, एकदा हात फाकवून आणि एकदा तळहातावर तळहात ठेवून, दंड कानांना चिकटवून. दुसऱ्या वेळी तुम्ही कितीतरी पुढे जाता, तेही फुकटात. तसंच डोक्याचं. श्वासासाठी मान उचलली की कंबर खाली जाते आणि पाण्याला आडवं येणारं अंग वाढतं. म्हणूनच 50 मीटरचे बरेच जलतरणपटू संपूर्ण शर्यतीत एखादाच श्वास घेतात, काही तर तोही नाही.

पृष्ठभागावर आणखी एक खर्च असतो, लाटांचा. पोहणारा स्वतःच लाट उठवतो आणि त्यात ऊर्जा घालवतो. पुरेसं खोल गेलं की हा खर्च जवळजवळ मिटतो. 1988च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ बॅकस्ट्रोकमध्ये तीस मीटरहून जास्त अंतर पाण्याखालूनच जायचा. मग नियमवाल्यांना जाग आली. आज ब्रेस्टस्ट्रोक सोडून इतर प्रकारांत पंधरा मीटरच्या आत डोकं वर यावंच लागतं.

वीरधवल मूळचा कोल्हापूरचा. सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिक, 2010मध्ये ग्वांगझूला 50 मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ. खजानसिंगच्या 1986च्या रौप्यानंतर आशियाई स्पर्धेतलं भारताचं जलतरणातलं ते पहिलं पदक, चोवीस वर्षांनी आलेलं. पुढे तहसीलदाराची नोकरी आली आणि सराव तुटला. सराव सुटला की दम काही आठवड्यांतच उतरू लागतो, ताकद त्या मानाने टिकते. पण पाणी हाताला ‘लागणं’, म्हणजे तळव्यावर पाण्याचा दाब नेमका जाणवणं, हे रोज पाण्यात उतरल्याशिवाय राहत नाही. ते सगळं पुन्हा मिळवून सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर राष्ट्रीय विक्रम मोडणं मला ग्वांगझूच्या पदकापेक्षाही मोठं वाटतं.

शेवटचा हिशेब भिंतीवर होतो. टचपॅडला, म्हणजे घड्याळ थांबवणाऱ्या भिंतीवरच्या पट्टीला, हात नुसता टेकून भागत नाही, दाबावा लागतो. बीजिंगमध्ये 100 मीटर बटरफ्लायला सर्बियाचा मिलोराद चाविच पुढे होता, पण तो हात लांबवून तरंगत भिंतीकडे गेला. मायकल फेल्प्सने एक अर्धा हात जास्त मारला आणि जिंकला. 50.58 विरुद्ध 50.59.

मग घड्याळ आणखी बारीक का करत नाहीत? केलं होतं. 1972च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये 400 मीटर मेडलीचं (चारही प्रकार एकाच शर्यतीत) सुवर्ण स्वीडनच्या गुन्नार लार्सनला सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी मिळालं. अंतरात तो फरक तीन मिलिमीटरचा. पण तलाव गवंडी बांधतात. 50 मीटरच्या लेनमध्ये तीन सेंटिमीटरपर्यंतची वाढीव लांबी नियमांनाही चालते. शेजारच्या दोन लेनमध्येच तीन मिलिमीटरचा फरक सहज असू शकतो, मग जिंकलं कोण, पोहणारा की गिलावा? म्हणून नियम पुन्हा शंभराव्या भागावर आणला गेला, आणि त्याखाली बरोबरी. रिओला 2016मध्ये 100 मीटर बटरफ्लायचं रौप्य तिघांना विभागून दिलं गेलं, तिघांचीही वेळ 51.14.

आता हाच न्याय जकार्ताला लावून बघा. वीरधवल आणि नाकाओ यांच्यातले दोन सेंटिमीटर लेनच्या चालणाऱ्या फरकात आरामात मावतात. म्हणजे शंभरावा भागही तसा पूर्ण निर्दोष नाहीच. पण रेघ कुठेतरी ओढावी लागते, आणि त्या दिवशी ती 22.46 आणि 22.47 यांच्या मधून गेली.