एडीएचडी असलेल्या प्रौढांमधील भावनियमनाच्या अडचणी (ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

राग, निराशा, अपमान, आनंद, उत्साह या भावना मनात उठल्या की त्यांचा वेग आणि जोर आवरून वागणे म्हणजे भावनियमन. अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजेच एडीएचडी, असलेल्या अनेक प्रौढांना हे आवरणे फार जड जाते. त्यांच्या भावना चारचौघांसारख्याच असतात. मात्र त्या चटकन पेटतात, प्रसंगाच्या मानाने फार चढतात, आणि भावना व कृती यांच्यामध्ये दोन-चार क्षणांची जी उसंत असते ती त्यांना मिळत नाही. अशा माणसाबद्दल वऱ्हाडात म्हणतात, ‘मनाचा साजरा हाय, पन डोक्सं गरम.’ मन वेगळे आणि मनावरचा ताबा वेगळा, हे गावाने अचूक ओळखलेले आहे. हा ताबा सुटण्यामागे मेंदूच्या जडणघडणीचा भाग असतो आणि त्यावर उपचार आहेत, ही बातमी मात्र गावात अजून पोचायची आहे.

स्वरूप : कापूस खरेदी केंद्रावर गाडी रांगेत लावून एक कास्तकार पहाटेपासून उभा आहे. दुपारी नंबर लागतो. ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत ठरवणारा, कापसात ओलावामापक खुपसतो आणि आकडा तेराच्या वर दाखवतो. हमीभावाच्या खरेदीत 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याचा कापूस घेत नाहीत, त्यामुळे गाडी बाजूला घ्यायला सांगितले जाते. दुसरा कोणी चरफडला असता, आणि कापूस घरी नेऊन दोन दिवस उन्हात पसरला असता. हा माणूस ग्रेडरला शिवी हासडतो, गाडी वळवतो आणि वाटेत भेटलेल्या पहिल्याच खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावोगाव फिरून माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, पडेल त्या भावात माल देऊन टाकतो. घर येईपर्यंत राग पार उतरलेला असतो. बायको विचारते, ‘काय भाव भेटला?’ तेव्हा त्याला मान वर करवत नाही. त्या रात्री तो जागाच असतो.

हा प्रसंग नमुन्यादाखल रचलेला आहे. पण ठिणगी, भडका, उतार आणि पश्चात्ताप हा त्यातला क्रम एडीएचडीमध्ये वारंवार दिसतो. ठिणगी बाहेरून पडते, भडका काही मिनिटांचा किंवा फार तर काही तासांचा असतो, आणि नंतरची खंत खरी असते. ही खंत घरच्यांना दिसत नाही, कारण बहुतेकदा ती बोलून दाखवली जात नाही. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, धाकट्या भावाशी झालेले भांडण मोठ्या भावाच्या डोक्यातून संध्याकाळी निघून जाते. धाकट्याच्या मनात ते दहा वर्षे राहते.

रागाचाच गवगवा जास्त होतो, म्हणून बाकीच्या छटा सांगणे अगत्याचे आहे. चुलीवर दूध ठेवून सून अंगणात गेली, तिथे दुसरेच काम दिसले, आणि दूध उतू गेले. आठवड्यातली ही तिसरी वेळ. सासू एवढेच म्हणते, ‘लक्ष कुठी असते तुयं?’ सून उत्तर देत नाही. पण तिचे रडू दिवसभर थांबत नाही. आपण कोणत्याच कामाच्या नाही, आपल्याला आणून या घराचे वाटोळे झाले, इथपर्यंत विचार जातात. स्त्रियांमध्ये ही अडचण पुष्कळदा अशी आतल्या आत वळते, आणि म्हणून नजरेतून सुटते. टोमणा, नकार किंवा उपेक्षा असह्य होण्याच्या या अनुभवाला इंग्रजीत ‘रिजेक्शन सेन्सिटिव्ह डिस्फोरिया’ असे स्वतंत्र नाव रूढ झाले आहे. अधिकृत निदानसूचीत ते नाही, पण अनुभव अनेकांच्या ओळखीचा आहे. उत्साहाचेही तसेच. तुरीला एका वर्षी चांगला भाव मिळाला की त्याच आठवड्यात ट्रॅक्टरचा इसार देऊन मोकळे होणे, हा आनंद न आवरल्याचा प्रकार आहे. हप्ते भरायची वेळ येते तेव्हा तो आनंद संपलेला असतो.

कारणे : भावना पेटवणाऱ्या यंत्रणेत मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बदामाएवढ्या अमिग्डालाचा मोठा वाटा असतो. तिच्यावर लगाम ठेवण्याचे काम मुख्यतः कपाळामागच्या पुढच्या भागाचे. एडीएचडीमध्ये या दोहोंना जोडणाऱ्या जाळ्याचे कामकाज वेगळे चालते, आणि त्यात डोपामिन व नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांचा संबंध असतो. लक्ष एका जागी टिकवणे, तोंडावर आलेला शब्द गिळणे आणि चढलेला राग उतरवणे ही तिन्ही कामे बऱ्याच अंशी एकाच लगामाने होतात. लगाम ढिला असला की तिन्ही ठिकाणी अडते. हा विकार मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा 70 टक्क्यांहून अधिक निघतो. ‘बापावर गेला’ हे घरातले निरीक्षण त्यामुळे खोटे नसते. मात्र बाप असा असणे म्हणजे ते घर दोन पिढ्या अशा भडक्यांत वाढलेले असणे, हेही लक्षात घ्यावे लागते. ढिला लगाम जन्माने येतो, आणि ओरडून बोलण्याची रीत घरात शिकली जाते.

इतिहास : 1902 मध्ये लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन आले आणि त्यात चटकन भडकण्याचा स्वभाव ठळकपणे नोंदला होता. पुढे अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ पॉल वेंडर यांनी प्रौढांसाठी केलेल्या यूटा निकषांत तापटपणा, मनःस्थितीचे झटपट चढउतार आणि ताण न झेपणे यांना थेट जागा मिळाली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 1980 च्या निदानपुस्तिकेने मात्र लक्ष न लागणे हा गाभा मानला आणि भावनांचा भाग सोबतच्या लक्षणांत गेला. 2013 च्या पाचव्या आवृत्तीतही तो तिथेच आहे. भावनांवरचा ढिला ताबा हा गाभ्याचाच भाग मानावा, असे रसेल बार्कली यांच्यासारखे संशोधक सांगत आले आहेत. एडीएचडी असलेल्या प्रौढांपैकी साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जणांना हा त्रास लक्षणीय प्रमाणात असतो, असे आढावे दाखवतात. संसार आणि भावाभावांतली नाती यांचे जे नुकसान याने होते, ते विसरभोळेपणाने होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठे असते. म्हणून प्रस्तुत नोंदीचा कल बार्कली यांच्या बाजूने आहे.

ग्रामीण विदर्भातील संदर्भ : शेतीचे काम या माणसांना काही बाबतीत मानवते. पेरणीची घाई, अचानक आलेल्या पावसात वेचलेला कापूस झाकण्याची धावपळ, आग, साप, अडलेली गाय : इथे ती सगळ्यांच्या पुढे असतात. तातडी असली की त्यांचे लक्ष बसते. त्रास होतो तो वाट पाहताना. पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी उभी राहते. बँकेत पीककर्जासाठी चौथा हेलपाटा पडतो. कृषिपंपाची वीज रात्रपाळीला येते म्हणून ओलिताला जागावे लागते, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी लगाम आणखी ढिला पडतो. हा शेवटचा मुद्दा दवाखान्यात आवर्जून सांगावा. कारण झोपेची मोडतोड समजल्याशिवाय डॉक्टरला अर्धेच चित्र दिसते.

स्वतःला शांत करण्याचे उपाय माणूस आपले आपण शोधतो. विदर्भात त्यातला पहिला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण. तंबाखूतले निकोटीन क्षणभर लक्ष एकवटते, म्हणून तलफ पक्की होते. एडीएचडी असलेल्यांत तंबाखूचे व्यसन जास्त आढळते हे अनेक देशांत दिसले आहे. दुसरी दारू, जी संध्याकाळी डोके शांत करते असे वाटते आणि प्रत्यक्षात उरलासुरला लगामही काढून घेते. त्यामुळे असे रुग्ण मानसोपचारापर्यंत पोचतात ते दारू किंवा उदासी यांच्या वाटेने. मूळ विकार त्याखाली झाकलेला राहतो. कधी ‘बाहेरचं’ आहे म्हणून आधी देवऋष्याकडे फेऱ्या होतात.

शेतकरी आत्महत्यांची कारणे कर्ज, नापिकी, भाव, आजारपण अशी अनेक आणि गुंतागुंतीची आहेत. त्यांवर एखाद्या विकाराचे नाव चिकटवणे अन्यायाचे ठरेल. परंतु एडीएचडीमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाची जोखीम वाढते, आणि शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकाचा डबा हाताशी असतो, या दोन गोष्टी एकत्र पाहायलाच हव्यात. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर, 1995 नंतरच्या दोन दशकांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरले. तो क्षण हाताला विष न लागता गेला, तर पुष्कळ माणसे वाचतात. म्हणून ज्या घरात असा माणूस आहे तिथे फवारणीपुरतेच औषध आणावे. उरलेले घरात ठेवू नये.

निदान : रक्ततपासणीने किंवा एमआरआयने एडीएचडी कळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ सविस्तर बोलून निदान करतात, आणि काही लक्षणे 12 वर्षांच्या आतली असावी लागतात. इथे आईची किंवा मोठ्या बहिणीची आठवण कामाला येते : ‘पोट्टा हुशार होता, पण बुडाखाली टाचणी असल्यावानी बसे.’ जुन्या प्रगतिपुस्तकावरचा गुरुजींचा शेराही उपयोगी पडतो. भडकणारा प्रत्येक जण एडीएचडीचा नसतो. द्विध्रुवी (बायपोलर) विकारात मनःस्थिती बदलते ती सलग दिवसचे दिवस, बाह्य निमित्त नसतानाही. एडीएचडीत ती निमित्ताने बदलते आणि त्याच दिवशी निवळते. पुरुषांमधले नैराश्यही चिडचिडीच्या रूपाने येते. थायरॉइड, दारू आणि जुना मानसिक आघात यांचीही छाननी लागते. प्रौढांमध्ये एडीएचडीचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास मानले जाते. हजार-बाराशे प्रौढांच्या गावाला हे लावले, तर पंचवीस-तीस माणसे होतात.

उपचार : मिथाइलफेनिडेट हे औषध लक्ष आणि आवेग या दोन्हींवर परिणाम करते, भावनांच्या चढउतारांवरही त्याचा उपयोग होतो, पण तुलनेने कमी. ते कायद्याने नियंत्रित आहे आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. भूक व झोप कमी होणे, रक्तदाब वाढणे यांवर लक्ष ठेवावे लागते. ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा गुण यायला काही आठवडे जातात; आठ दिवसांत फरक नाही म्हणून ते सोडणे ही नेहमीची चूक. औषधाच्या जोडीला बोधात्मक वर्तनोपचार (विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारा उपचार) आणि भावना हाताळण्याची कौशल्ये शिकवणारे प्रशिक्षण असले, तर फायदा अधिक.

मदतीची ठिकाणे फार दूर नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात सुरू आहे. सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, नागपूर येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने सरकारी सेवेत मानसिक उपचार मिळणे हा हक्क केला आहे. मजुरी बुडवून एसटीने जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे दिवस जातो, हे खरे. त्यासाठीच पहिल्या भेटीला घरातले एक जाणते माणूस सोबत न्यावे, म्हणजे लहानपणाची माहिती त्याच खेपेला मिळते.

घरात करायच्या गोष्टींत सर्वांत उपयोगी ठरते ती आधी ठरवलेली खूण. राग चढलेला असताना समजावणे वाया जाते, कारण ऐकणारा लगाम तेव्हा जागेवर नसतो. म्हणून थंड डोक्याने, दोघांनी मिळून एक वाक्य ठरवायचे. उदाहरणार्थ, बायकोने म्हणावे, ‘म्हशीले पानी दाखवून या.’ हे वाक्य आले की नवऱ्याने वाद जिथे आहे तिथे सोडून गोठ्याकडे निघायचे. अर्ध्या तासाने परत आल्यावर अडलेला विषय त्यानेच पुन्हा काढायचा. ही दुसरी अट पाळली नाही, तर पंधरा दिवसांत ते वाक्य तोंड बंद करण्याची युक्ती वाटू लागते, आणि मग म्हशीचे नाव काढले तरी भडका उडतो.