मुरगळलेला पाय चोळून ‘बसत’ नाही

लावणी असो वा कथक, घोटा मुरगळला की कुणीतरी तेल घेऊन धावतंच: चोळा, ओढा, शीर जागेवर बसेल. मुळात शीर हललेलीच नसते. पाय आत वळून घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध (हाडं एकमेकांना जोडणारा पट्टा, लिगामेंट) ताणला जातो किंवा फाटतो. त्यावर लगेच जोरात चोळलं तर सूज वाढू शकते. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे.

महिनाभर खाटेवर पडून राहा, हाही तसलाच सल्ला. फिजिओथेरपिस्ट लवकरच हालचाल सुरू करतात, मग पोटरीची ताकद आणि एका पायावरचा तोल. हा तोलाचा भाग कंटाळवाणा, म्हणून हमखास टाळला जातो. मग तोच पाय पुन्हा मुरगळतो. दुखऱ्या पायावर न दुखता उड्या मारता आल्या, की घुंगरं बांधावीत. तीही आधी मोजकीच.