ब्रॉड्स (इंग्लंड)

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत, नॉरफोक व सफोक परगण्यांत पसरलेला उथळ तळी, संथ नद्या आणि दलदलींचा प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे ३०३ चौ. किमी. ब्यूर, यार, वेव्हनी या नद्या व त्यांच्या उपनद्यांच्या काठाने साठाहून अधिक तळी आहेत. स्थानिक भाषेत अशा तळ्याला ‘ब्रॉड’ म्हणतात. हिकलिंग हे त्यांतले सर्वांत मोठे.

ही तळी निसर्गनिर्मित आहेत, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तज्ज्ञही मानत. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लँबर्ट यांचेही आधी तेच मत होते. मग त्यांनी दलदलीत जवळजवळच्या अंतरावर छिद्रे घेऊन मातीचे नमुने काढले, तेव्हा चित्र पालटले. तळ्यांच्या कडा जवळजवळ उभ्या कापलेल्या आणि तळ सपाट होते. मध्येच न खोदता सोडलेले बांधही सापडले. नदी असे काटकोन कोरत नाही. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही तळी म्हणजे मध्ययुगीन खाणी असल्याचे मांडले गेले. त्याला जुन्या दस्तऐवजांचाही दुजोरा मिळाला.

खाणी होत्या पीटच्या. दलदलीत अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींचा हा थर विटांसारखा कापून वाळवला की जळणाला चालतो. पूर्व नॉरफोकमध्ये लोकवस्ती दाट होती आणि झाडी विरळ. त्यामुळे बाराव्या ते चौदाव्या शतकांत इथे पीटचे खोदकाम जोरात चालले. पुढे समुद्राची पातळी चढली, पूर वारंवार येऊ लागले आणि खड्डे पाण्याने भरले. खोदणे परवडेनासे झाले. पुढच्या पिढ्या तिथे मासे धरू लागल्या, घरे शाकारायला बोरू कापू लागल्या आणि खड्ड्यांचा उगम विस्मरणात गेला.

मालवाहतूक ‘व्हेरी’ या एकाच मोठ्या शिडाच्या होडीतून होई. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, माल तिकडे वळला आणि होड्या सहलींना भाड्याने जाऊ लागल्या. रॉक्सहॅम हे या नौकाविहाराचे मुख्य ठाणे. सुमारे २०० किमी जलमार्ग नौकांना खुला आहे. १९८८ च्या कायद्यानुसार स्थापन झालेले ब्रॉड्स प्राधिकरण १९८९ पासून कारभार पाहते.

ब्रिटिश स्वॅलोटेल हे फुलपाखरू आता फक्त याच दलदलीत उरले आहे. सांडपाणी व शेतांतून येणाऱ्या फॉस्फेट-नायट्रेटमुळे विसाव्या शतकात शैवाल माजले, पाणी गढुळले आणि पाणवनस्पती कमी झाल्या. तळी मुळातच उथळ असल्याने गाळ साचून बुजत जातात; त्यामुळे माणसाने एकदा उपसलेली ही जागा आजही पुन्हा उपसावी लागते.