विषाणू सापडत नाही, पण त्याची प्रथिने वावरत असतात

एचआयव्हीचे औषध न चुकता घेणाऱ्या मुंबईकराच्या व्हायरल लोडच्या अहवालावर आज बहुधा ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असा शेरा असतो. तो वाचून हायसे वाटते आणि ते रास्तही आहे, कारण विषाणू असा सातत्याने दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. मग एआरटी केंद्रातले, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रातले डॉक्टर रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या मागे का लागतात, हा प्रश्न अनेकांना पडतो. एचआयव्हीबाधितांमध्ये हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतो. त्यामागे धूम्रपानापासून काही जुन्या औषधांपर्यंत अनेक कारणे आहेत, पण एक कारण विषाणूच्या प्रथिनांपाशी जाऊन पोहोचते.

व्हायरल लोडची चाचणी रक्तद्रवातला विषाणूचा आरएनए मोजते, प्रथिने मोजत नाही. टीएलडी या एचआयव्हीवरच्या तीन औषधांच्या एकत्रित गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिवुडिन ही औषधे आरएनएवरून डीएनए तयार होऊ देत नाहीत, तर डोल्युटेग्राविर तो डीएनए आपल्या गुणसूत्रात घुसू देत नाही. जो डीएनए उपचारापूर्वीच घुसून बसला आहे, त्याचे वाचन मात्र या तिन्हींपैकी एकही औषध थांबवत नाही, त्यामुळे काही पेशींतून विषाणूची प्रथिने थोडीथोडी बाहेर पडत राहू शकतात. उपचार चालू असलेल्या रुग्णांच्या लसिका ग्रंथींत अशी प्रथिने टिकून असल्याचे २००५ मध्ये दिसून आले.

त्यांपैकी सर्वांत अभ्यासलेले प्रथिन म्हणजे टॅट. जेमतेम ८६ ते १०१ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाचे पेशीतले काम विषाणूच्या जनुकांचे वाचन वेगाने करवून घेणे हे आहे. परंतु ते पेशीबाहेरही पडते आणि संसर्ग न झालेल्या शेजारच्या पेशींत शिरते. तिथे ते टी पेशींना आत्मनाशाकडे ढकलू शकते. एचआयव्हीत मरणाऱ्या सीडी फोर पेशींपैकी (एचआयव्ही ज्यांना लक्ष्य करतो त्या टी पेशींपैकी) पुष्कळशांमध्ये विषाणूची पूर्ण वाढ झालेलीच नसते, या कोड्याचा थोडा उलगडा त्यातून होतो. नेफ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा कावा अधिक बारीक आहे. मारक टी पेशींना बाधित पेशी ओळखता यावी म्हणून तिच्या पृष्ठभागावर असणारे एचएलए-ए आणि एचएलए-बी हे रेणू ते काढून घेते, मात्र एचएलए-सीला हात लावत नाही, कारण तेही नाहीसे झाले तर नॅचरल किलर पेशींना संशय येईल.

रक्तवाहिन्यांच्या बाबतीत टॅट तीन वाटांनी काम करते. त्यात आर्जिनिन, ग्लायसिन आणि अस्पार्टिक आम्ल असा तीन अमिनो आम्लांचा क्रम आहे. हाच क्रम आपल्या शरीरातल्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनामध्येही असतो आणि वाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी त्यालाच धरून सरकतात. टॅटचा धनभारित भाग पेशीबाहेरच्या हेपरान सल्फेट या साखरेच्या साखळ्यांना चिकटतो आणि तिथे साठवलेला एफजीएफ-२ हा वाढघटक मोकळा करतो. शिवाय नव्या वाहिन्यांसाठी व्हीईजीएफ या वाढघटकाचा निरोप ज्या ग्राहकावर (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या रेणूवर, म्हणजे रिसेप्टरवर) यायचा, त्यावरही टॅट बसते. एचआयव्हीच्याच पी१७ या प्रथिनाबाबत इटलीतल्या ब्रेशा येथील गटाने २०१२ मध्ये दाखवले की, ते इंटरल्युकिन-८ या निरोप्या प्रथिनाच्या ग्राहकांना बांधून वाहिन्या फुटवते. गणवेश पाहून फाटक उघडणाऱ्या सोसायटीच्या वॉचमनसारखे हे ग्राहक फक्त आकार पाहतात.

टॅटकडे लक्ष गेले ते कापोसी सार्कोमा या कर्करोगामुळे. १८७२ मध्ये व्हिएन्नात मोरित्झ कापोसी यांनी वर्णन केलेल्या या गाठींमध्ये चिरेसारख्या अरुंद वाहिन्यांचे जाळे असते आणि बाहेर झिरपलेल्या तांबड्या पेशींमुळे त्वचेवर जांभळट डाग उठतात. १९९० मध्ये बार्बरा एन्सोली आणि रॉबर्ट गॅलो यांच्या गटाने टॅट या गाठींतल्या पेशींची वाढ करते असे दाखवले, तेव्हा गुन्हेगार सापडला असे अनेकांना वाटले. पण मुंबई हे देशात एचआयव्हीचा जबर तडाखा बसलेले शहर असूनही इथल्या त्वचारोगतज्ज्ञांना हा आजार क्वचितच दिसला. त्याचा मूळ कर्ता वेगळाच होता. १९९४ मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांना तो सापडला. तो म्हणजे एचएचव्ही-८ हा नागीण कुळातला विषाणू, आणि भारतात त्याचा प्रसार कमी आहे. हा विषाणू इंटरल्युकिन-८ च्या ग्राहकासारखा स्वतःचाच ग्राहक पेशीवर बसवतो, जो निरोप न येताही चालूच राहतो आणि व्हीईजीएफ तयार करवतो. टॅटची भूमिका साथीदाराची आहे, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

भारतातला एचआयव्ही बहुतांशी सी उपप्रकाराचा आहे आणि त्याच्या टॅटमध्ये एक फरक आहे. ३१ व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन असल्यामुळे मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना ओढून आणण्याची त्याची ताकद घटते, हे बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधील उदयकुमार रंगा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले. त्यामुळे परदेशी, मुख्यतः बी उपप्रकारावर झालेले निष्कर्ष आपल्या रुग्णांना जसेच्या तसे लावताना हात आखडता घ्यावा लागतो.

टॅटलाच अडवणारे डायडिहायड्रो-कॉर्टिस्टॅटिन ए हे संयुग प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत उपयोगी ठरले असले, तरी रुग्णांसाठीचे औषध म्हणून ते अजून उपलब्ध नाही. हाताशी आहे ते स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध. भारतासह अनेक देशांतल्या ७,७६९ एचआयव्हीबाधितांवर झालेल्या रिप्रीव्ह चाचणीत पिटावास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. अहवालात विषाणू सापडत नसतानाही डॉक्टर कोलेस्टेरॉलची चिठ्ठी का लिहून देतात, याला या आकड्याचा मोठा आधार आहे.